नळ डावीकडे होता की उजवीकडे?
वाचकांचे प्रश्न : चित्र काढणे, आठवणी लिहिणे आणि स्वतःची ओळख

चित्रकला आणि आठवणींचे लेखन या दोन वाटांनी माणसाला स्वतःविषयी काही नवे उमगते का, या विषयावर मुंबई आणि उपनगरांतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून, लेखकांच्या विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून माझे वय ६३ आहे. मुलीच्या आग्रहामुळे आठवणी लिहायला बसले. ‘माझा जन्म गिरगावातील एका चाळीत झाला’ येथपासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत चार पानांतच पोहोचले आणि पुढे लिहिण्यासारखे काही उरले नाही. वाचून पाहिले, तर नोकरीच्या अर्जाला जोडलेली माहिती वाटली. शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. पुढे चित्र काढणे सुटले. आता स्वतःला थोडे समजून घ्यावे, अशी मनापासून इच्छा आहे. आधी लिहावे की आधी चित्र काढावे?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या चार पानांत आलेला रूक्षपणा आयुष्याचा नसून मांडणीचा आहे. जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी, बढती, निवृत्ती हा क्रम कार्यालयातील सेवापुस्तिकेसाठी ठीक आहे. त्या रकान्यांत कोणालाही बसवले, तरी त्याचे आणि शेजारच्या काउंटरवरील सहकाऱ्याचे आयुष्य जवळपास सारखेच दिसणार. स्वतःविषयी काही समजून घ्यायचे असेल, तर ‘मी कोण’ या प्रश्नाला थेट भिडू नये, असे माझे मत आहे. त्या प्रश्नावर माणूस तयार उत्तरे देतो : मी कष्टाळू, मी भिडस्त, मी सर्वांसाठी झिजले. ही उत्तरे खोटी असतात असे नाही, परंतु ती इतक्या वेळा दिलेली असतात की त्यांच्या मागे काय आहे हे पाहण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. त्याऐवजी एखादी जागा किंवा एखादी वस्तू जशी होती तशी, शक्य तितकी अचूक आठवण्याचा प्रयत्न करावा. त्या धडपडीत आपण स्वतःला आडवाटेने भेटतो.

म्हणून आधी चित्र काढा, पण ते देखाव्याचे नको. एक मोठा कागद घ्या आणि गिरगावातील आपली खोली छपरावरून खाली पाहिल्यासारखी काढा. मोजपट्टी वापरू नका; रेषा वाकड्या आल्या तर येऊ द्या. दार कोठे होते, ते आत उघडत असे की बाहेर, मोरी कोणत्या कोपऱ्यात होती, पाण्याचे पिंप, स्टोव्ह, देव्हारा, एकावर एक रचलेल्या ट्रंका, कपड्यांच्या खुंट्या, पोटमाळ्याची शिडी, बाहेरची गॅलरी आणि तिचा कठडा हे सारे आपापल्या जागी मांडा. मग रात्री अंथरुणे कशी पडत असत आणि कोणाचे डोके कोणत्या दिशेला असे, ते काढा. दिवसा वडील कोठे बसत, आई कोठे बसत असे, आणि ती बसत असल्याचे आपल्याला मुळात आठवते का, हेही पाहा.

या चित्राचा उपयोग असा, की पेन्सिल मोघम बोलू देत नाही. ‘आमच्या घरात एक छोटी मोरी होती’ हे वाक्य लिहून आपण खुशाल पुढच्या वाक्याकडे जाऊ शकतो, कारण ते खरे आहे आणि अधिक काही मागत नाही. मोरी काढायला घेतली, की नळ डावीकडे होता की उजवीकडे हे ठरवल्यावाचून रेषा पुढे जात नाही. ते ठरवताना पहाटे पाणी येण्याची वेळ आठवते, कळशी कोणत्या हाताने धरली जाई ते आठवते, पाणी भरण्याची पाळी बहिणीची होती की आपली हे आठवते, आणि मग कदाचित ती पाळी कधीच भावाची नसे हेही आठवते. जेथे हात अडतो, जेथे ‘येथे काय होते बरे’ असे होते, तेथे लहानशी फुली मारून ठेवा. पुढचे लेखन या फुल्यांपासून सुरू करायचे आहे.

आपण इंटरमिजिएट दिली आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना. शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो आणि बाजार, बसथांबा, शाळेतील समारंभ अशा विषयांची तयारी करताना मुले काही ठरावीक आकृती घोटून ठेवतात : टोपलीवाली बाई, पाठमोरा मुलगा, कोपऱ्यातील झाड. गुण मिळतात, पण त्या चित्रातील बाजार कोणत्याच गावचा नसतो. आपला हात त्या सवयीकडे वळेल. आजी म्हणून नऊवारीतील कोणतीही म्हातारी उमटू लागली, तर थांबा आणि आपल्या आजीचा चष्मा कोठे ठेवलेला असे, तेवढेच काढा.

चित्र मात्र सर्व काही सांगू शकत नाही, आणि येथे लेखन हवेच. ‘नाही’ हे चित्रात काढता येत नाही. जे घरात नव्हते, जे कोणी कधी बोलले नाही, जे दर शनिवारी घडत असे आणि एका शनिवारपासून थांबले, ते वाक्यालाच सांगता येते. ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘तोवर’ या शब्दांना रेषेत प्रतिरूप नाही. त्यामुळे आराखडा पूर्ण झाला की एक फुली निवडा आणि तिच्याविषयी एक पान लिहा. पान भरले की उठा. दुसऱ्या दिवशी दुसरी फुली घ्या. ही पाने कोणत्या क्रमाने लावायची, याची चिंता आज करू नका. तो क्रम जन्मापासून सुरू होणार नाही, एवढे मात्र बहुधा दिसून येईल.

आणखी एक. आराखडा पुरा झाल्यावर आपण स्वतःला त्यात कोठे काढले आहे ते पाहा. घरातील प्रत्येकाची जागा नेमकी दाखवून स्वतःला विसरणारी माणसे काही थोडी नसतात. तसे झाले असेल, तर लगेच त्याचा अर्थ लावत बसू नये. रेषा दाबून काढली म्हणजे मनात राग आणि आकृती लहान काढली म्हणजे न्यूनगंड, असले ठोकताळे मला मान्य नाहीत. फक्त एवढे विचारा : त्या खोलीत माझी म्हणावी अशी जागा कोणती होती? उत्तर एक-दोन वाक्यांत आले तरी चालेल. ती वाक्ये आपल्या पहिल्या चार पानांत नव्हती.

प्रश्न : मी अभियंता आहे. अशा उपक्रमांनी ‘आत्मशोध’ होतो असे म्हटले जाते, त्याला संशोधनाचा काही आधार आहे, की ही निवृत्तांची करमणूक आहे?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : करमणूक असली तरी माझी हरकत नाही, परंतु आधारही काही प्रमाणात आहे, आणि तो जेवढा आहे तेवढाच सांगणे योग्य. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना साधे शब्द दिले गेले. काही शब्दांचे चित्र काढायचे आणि काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे. नंतर विचारले असता चित्र काढलेले शब्द अधिक प्रमाणात आठवले, आणि चित्र चांगले असण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. शब्दाचा अर्थ, त्याचे रूप आणि हाताची हालचाल असे तीन धागे एका वेळी गुंफले जातात, म्हणून असे होत असावे, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. परंतु हे प्रयोग नुकत्याच दिलेल्या शब्दांविषयी आहेत. पन्नास वर्षांपूर्वीची मोरी चित्रामुळे अधिक खरी आठवते, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. वरच्या उत्तरात मी जे म्हटले आहे, ते लिहिणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या माणसांच्या कामाकडे पाहून बनलेले मत आहे; प्रयोगशाळेचा शिक्का त्याला लावू नये.

लेखनाविषयी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक घटनेविषयी लिहायचे होते. ज्यांनी घटना आणि तिच्यासंबंधीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले, पण पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढे असे अनेक अभ्यास झाले. ते एकत्र पाहिले, तर लाभ दिसतो, पण सरासरीने तो लहान असतो. ‘रोज तीन पाने लिहा आणि आयुष्य बदला’ असे सांगणाऱ्या कार्यशाळांची शुल्के पाहिली, की त्या लाभाचा आकार कोणीतरी फुगवला आहे हे आपल्यासारख्या अभियंत्याच्या सहज ध्यानात येईल.

प्रश्न : माझे वडील गिरणी कामगार होते. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. संपामुळे आईची सोन्याची पाटली गहाण पडली आणि आम्हा मुलांना कोकणात गावी पाठवले गेले, असे मला स्वच्छ आठवते. थोरला भाऊ म्हणतो, आपण संपाच्या आधीच गावी गेलो होतो आणि आईकडे पाटली कधी नव्हतीच. आईवडील आता हयात नाहीत. मी लिहावे तरी काय?
(एक वाचक, परळ)

उत्तर : आधी जे पडताळता येते ते पडताळा. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. ही एक बाजू पक्की आहे. दुसरी बाजू आपल्या घरातच असण्याची शक्यता आहे. मुंबईची शाळा सुटली असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला निघाला असेल आणि त्यावर तारीख असेल. तो हरवला असला, तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते. रेशनकार्डावरून नावे कमी झाली असतील, तर तेही दिसेल. गहाणाची पावती जुन्या ट्रंकेत सापडणे कठीण, परंतु लग्नातील छायाचित्रात आईचे हात दिसत असतील. त्या दिवसांतील वर्तमानपत्रे आणि नियतकालिके चाळायची असतील, तर मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागांत चौकशी करावी. आपल्याला दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे.

आता समजा, दाखल्यावरील तारीख १९८१ ची निघाली आणि भाऊ बरोबर ठरला. अनेक लेखक येथे निराश होऊन ते पान फाडतात. मला तर लेखन तेथूनच सुरू होते असे वाटते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले होते, की ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस तिला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली, तेव्हा पुनर्कथनात सील प्राण्यांच्या शिकारीची मासेमारी झाली आणि वल्ह्यांच्या कनूची साधी होडी झाली. कोणी मुद्दाम खोटे बोलत नव्हते. आपल्या बाबतीत प्रश्न असा येईल, की घर सुटण्याची घटना माझ्या मनाने संपाला का जोडली? गावी पाठवले जाण्याचे कोणतेही अन्य कारण त्या दहा वर्षांच्या मुलाला सोसवणारे नव्हते का? संपाने सगळ्या लालबाग-परळची घरे मोडली, म्हणून आपलेही घर त्यानेच मोडले असे मानण्यात काही आधार होता का? पाटली कोणाची होती? शेजारच्या खोलीतील कोणाची तर नव्हे? आपल्या आठवणीने केलेली ही जुळवाजुळव ‘मला असे आठवते, भावाला असे आठवते, कागद असे सांगतो’ अशा तीन वाक्यांनी उघड करा. तिन्ही ठेवा, एकही पुसू नका.

चित्राचाही येथे वेगळा उपयोग आहे. आपण आणि भाऊ, एकमेकांचा कागद न पाहता, गावी निघालेल्या दिवसाचे चित्र काढा : एसटीचा थांबा किंवा बोटीचा धक्का, सामान, कोण सोडायला आले होते. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. वादात जे मिटत नाही, ते कधी कधी अशा वेळी गमतीने मिटते, कारण प्रत्येकाने आपल्या उंचीवरून पाहिलेले जग काढलेले असते. दोन ‘मी’ समोरासमोर बसवण्याची युक्ती मराठीला अपरिचित नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात शिकून नोकरीला लागलेला दया आणि गावकुसाबाहेरचा दगडू यांची गाठ घालून दिलेली आहे. आपल्याला त्याची नक्कल करायची नाही. दहा वर्षांच्या मुलाचे म्हणणे आणि आजच्या माणसाचे म्हणणे वेगवेगळे असू शकते आणि दोन्ही छापता येतात, एवढा धीर त्यातून घ्यावा.

प्रश्न : पतीच्या व्यसनामुळे माझी वीस वर्षे फार कष्टात गेली. ते गेल्यानंतर मी लिहू लागले, पण लिहिले त्या रात्री झोप लागत नाही. मुलांना त्यांचे वडील प्रिय आहेत. त्यांनी हे वाचले तर दुखावतील. लिहिणे थांबवावे का?
(एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. पहिला आपल्या झोपेचा. क्लेशदायक आठवण लिहिल्यावर त्या दिवशी मन खाली जाणे अपेक्षित आहे. वर उल्लेखिलेल्या पेनेबेकर यांच्या अभ्यासातही ते दिसले होते. मात्र हे जडपण दिवसेंदिवस वाढत असेल, झोप सलग उडाली असेल किंवा तेच दृश्य मनात फिरत राहत असेल, तर लिहिणे बाजूला ठेवा. न लिहिण्यात कोणताही पराभव नाही. समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. वही हे उपचाराचे साधन काही अंशी होऊ शकते, पण वही उलट बोलत नाही, आणि काही वेळा समोर बोलणारे माणूसच हवे असते.

त्रास सोसण्याइतका असेल, तर लिहिण्याची वेळ बदलून पाहा. रात्री लिहू नका. सकाळची कामे आटोपल्यावर पंधरा-वीस मिनिटे लिहा आणि त्यानंतर लगेच घराबाहेर पडावे लागेल असे काहीतरी ठरवून ठेवा. भाजी आणणेही चालेल. ज्या दिवशी शब्द नकोसे वाटतील, त्या दिवशी त्या घरातील एक वस्तू काढा : दाराची कडी, किंवा ज्या डब्यात आपण पैसे लपवत होता तो डबा. पतीचा चेहरा काढण्याची घाई नको. कडीचे चित्र काढताना हात एका कामात गुंतलेला असतो, आणि त्या कडीविषयी आपल्याला काय माहीत आहे ते तेवढ्यापुरतेच वर येते.

दुसरा प्रश्न मुलांचा. लिहिणे आणि दाखवणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिला घेतला म्हणून दुसरा घ्यावाच लागतो असे नाही. पहिला खर्डा कोणासाठीही नसतो. त्यात न्याय-अन्याय, समतोल, मुलांना काय वाटेल, यांतले काहीही पाहू नका. काही काळाने तो वाचताना एक कसोटी लावा : या पानात मी त्यांच्यावर फिर्याद दाखल करते आहे, की त्या घरात काय घडत होते ते पाहते आहे? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. पती ना. वा. टिळक यांचा संताप, त्यांचे एकाएकी घरातून निघून जाणे, यांतले काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेले नाही. पण स्वतःची फजिती सांगतानाही त्यांनी तोच मोकळेपणा ठेवला आहे, आणि म्हणून वाचक दोघांनाही माणूस म्हणून पाहतो. आपले दुःख विनोदाने सांगावे असे मी मुळीच सुचवत नाही. पतीला व्यसनापलीकडे आणखी काय येत होते, कशावर त्यांचे प्रेम होते, हे एखाद्या पानात आले तर मुले ते पुस्तक हातात धरू शकतील. ते येत नसेल, तर ओढूनताणून आणू नका आणि वही कपाटात ठेवा. ती आपली आहे.

प्रश्न : रोज विरार लोकलमधून जाताना सहप्रवाशांची रेखाटने काढतो आणि समाजमाध्यमांवर टाकतो. दाद चांगली मिळते, पण हल्ली सगळी चित्रे एकसारखी वाटू लागली आहेत.
(एक वाचक, वसई)

उत्तर : दाद कोणत्या चित्राला मिळते हे हाताला लवकर कळते, आणि हात तेच पुन्हा काढू लागतो. डुलकी घेणारा प्रवासी आणि खिडकीतील मुलगी यांची आपल्याकडे आता बरीच भर झाली असेल. दुसरी एक वही करा आणि तिच्यातील काहीही कोठेही टाकू नका. तिच्यात चित्राखाली दोन-तीन वाक्ये लिहा, पण प्रवाशाविषयी नकोत. त्याला आपण ओळखत नाही. इतक्या गर्दीतून आपण यालाच का निवडले, एवढे लिहा. काही आठवड्यांनी ती वाक्ये ओळीने वाचलीत, तर आपण डब्यात कोणाला शोधत असतो याचा अंदाज येईल. अनोळखी माणसाचा ओळखू येणारा चेहरा त्याला न विचारता जगापुढे मांडणे मला योग्य वाटत नाही, हेही या निमित्ताने सांगून टाकावेसे वाटते.

प्रश्न : वय ७१. लिहायची सवय आहे, परंतु हातात चित्रकला अजिबात नाही. आता शिकता येईल का? क्लास लावावा का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : येथे ज्या कामासाठी चित्र हवे आहे, त्यासाठी आपली दृष्टी शिकवायची आहे, बोटांचे कौशल्य नंतर आले तर आले. न्यूयॉर्कमधील चित्रकला-शिक्षक किमॉन निकोलाइडीस यांनी शिकवलेला आणि १९४१ साली त्यांच्या पश्चात आलेल्या पुस्तकामुळे जगभर पसरलेला एक अभ्यास करून पाहा. समोर स्वतःचा डावा हात ठेवा. नजर अंगठ्याच्या कडेवर टेकवा आणि मुंगीच्या गतीने पुढे न्या. नजर जशी सरकेल तशी पेन्सिल कागदावर सरकवा. कागदाकडे पाहायचे नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. होणारे चित्र हाताचे आहे हे इतरांना ओळखू येणार नाही, परंतु नखाच्या मुळाशी असलेली, आजवर न दिसलेली सुरकुती आपल्याला दिसलेली असेल. आपल्याला हवे ते एवढेच आहे. सत्तरीनंतर हात कापत असेल, तर कापरी रेषा राहू द्या.

क्लासविषयी मत विचारलेत म्हणून सांगतो. जेथे छापील चित्रांवरून निसर्गदृश्ये काढून घेतात, तेथे जाऊ नका. घडा, चप्पल, छत्री समोर ठेवून काढायला लावणारा शिक्षक मिळाला तर जरूर जा. आणि चित्रकारांनी लिहिलेले वाचा. म. वि. धुरंधर १८९० साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० चे. बरवे अनेक वर्षे रोजनिशी लिहीत असत. काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा या वह्याही मांडल्या होत्या. एका पानावर विचार, त्याच्याच बाजूला छोटी रेखाटने, पुन्हा विचार, अशी ती पाने आहेत. चित्र आणि लेखन यांपैकी काय आधी, या अनेक वाचकांच्या प्रश्नाला तेथे जागाच नाही, कारण एक अडले की हात दुसऱ्याकडे वळलेला दिसतो. आपल्याला लिहिण्याची सवय आहे. तेव्हा लिहिता लिहिता एखाद्या वस्तूचे वर्णन तिसऱ्यांदा खोडावे लागले, तर चौथ्यांदा लिहू नका. समासात ती वस्तू काढा.

प्रश्न : मुंबईच्या दमट हवेत या वह्या टिकतात कशा? माझ्या वडिलांची १९६० च्या सुमाराची रोजनिशी पिवळी पडून कडांना तुटू लागली आहे. लॅमिनेशन करून घ्यावे का?
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका, ते नंतर कागदाला इजा न होता काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. आधी प्रत्येक पानाची छायाचित्रे घ्या किंवा स्कॅन करा आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. मूळ वही आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात आडवी ठेवा. ते खोके पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पोटमाळ्यावरही नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास पावसाळ्यात त्या वरचेवर बदला किंवा सुकवून घ्या. वाळवी आणि कसर यांसाठी दर काही आठवड्यांनी खोके उघडून पाहणे कोणत्याही गोळीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

नवी वही घेताना आम्लविरहित कागदाची घ्या. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन न काढता केलेला स्वस्त कागद पिवळा पडतो, हे रद्दीच्या गठ्ठ्यात रोज दिसते. शाईच्या पेनापेक्षा पाण्याने न फुटणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचे पेन बरे. पेन्सिलचे ग्रॅफाइट उडत नाही, पण घासले जाते. म्हणून मऊ पेन्सिलीच्या चित्रावर फिक्सेटिव्हचा (रेषा पक्क्या करणाऱ्या द्रावणाचा) हलका फवारा मारा, तोही खिडकी उघडी ठेवून, किंवा दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. वडिलांच्या रोजनिशीत समासात काही आकडे, खुणा किंवा रेघोट्या असतील, तर स्कॅन करताना पान कडेपर्यंत घ्या. स्कॅन करून देणारे दुकानदार बहुधा समास कापून टाकतात.